आठ ते आठच्या दोन्ही बाजूंना

मुंबईत अंथरुणाला खिळलेल्या माणसाची घरी येऊन शुश्रूषा करणाऱ्या बाईची पाळी बहुतेक ठिकाणी सकाळी आठ ते रात्री आठ, नाहीतर रात्री आठ ते सकाळी आठ अशी असते. घरातले लोक तिला मावशी म्हणतात. अशा बाया पुरवणाऱ्या ब्युरोच्या वहीत ती आया असते आणि पेशंट केअरचा सहा महिन्यांचा कोर्स केलेला असला तर सिस्टर. पुरुष पेशंटसाठी मामा किंवा वॉर्डबॉय येतो. काम सगळ्यांचे जवळपास सारखेच: अंग पुसणे, डायपर बदलणे, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस वळवणे, नाकातल्या नळीतून फीड देणे, गोळ्यांच्या वेळा सांभाळणे आणि उरलेला वेळ नुसते जवळ बसणे.

२०११ च्या जनगणनेत देशातल्या साठीपुढच्या माणसांची संख्या दहा कोटींच्या वर गेली होती, आणि महाराष्ट्रात जवळपास दर दहावा माणूस त्या वयाचा होता. मुंबईत ही मंडळी दादर, माटुंगा, गिरगाव, पार्ले, मुलुंड अशा जुन्या वस्त्यांत एकवटलेली दिसतात. मुले परदेशी तरी गेलेली असतात किंवा मोठ्या जागेसाठी ठाण्यापलीकडे. त्यांना सांभाळणारे हात मात्र नालासोपारा, विरार, दिवा, कळवा, बदलापूर, मानखुर्द इथून येतात. म्हातारपण एका टोकाला आणि ते सांभाळणारे माणूस दुसऱ्या टोकाला, अशी वाटणी जागेच्या भावाने केली आहे. मधले अंतर रोज दोनदा कापायचे काम बाईकडे आहे, आणि त्याचा पगार नाही.

बदली आल्याशिवाय सुटका नाही

कचेरीतला माणूस गाडी चुकल्यामुळे अर्धा तास उशिरा पोचला तर त्याचे टेबल अर्धा तास रिकामे राहते. पेशंटची खाट अशी रिकामी ठेवता येत नाही. दिवसपाळीची बाई दारात आल्याशिवाय रात्रपाळीची निघू शकत नाही, आणि रात्री आठला तेच उलटे. म्हणून या कामात एकीचा प्रवास दुसरीच्या झोपेला बांधलेला असतो. वसईच्या अलीकडे सिग्नल बिघडून गाडी चाळीस मिनिटे खोळंबली, तर त्याचा फटका गाडीत लटकलेल्या बाईइतकाच दादरला पेशंटच्या उशाशी चपला घालून तयार बसलेल्या बाईलाही बसतो. तिची नेहमीची गाडी जाते, घरी पोचायला दहाचे साडेअकरा होतात, आणि संध्याकाळी सहाला तिला परत निघायचे असते.

हा हिशेब घरातल्या माणसांना सहसा दिसत नाही. उशिरा आलेली बाई लक्षात राहते, उशिरा सुटलेली राहत नाही. दोन-तीनदा उशीर झाला की ब्युरोला फोन जातो आणि "दुसरी पाठवा" असे सांगितले जाते. ज्या बाईला अर्धा-पाऊण तास थांबावे लागले तिचे जादा पैसे धरायचे, ही रीत मात्र फारशी पडलेली नाही. एका पेशंटच्या दोन बाया मग आपापसातच समजुतीने घेतात. आज तू थांबलीस, परवा मी थांबते. एकमेकींचे नंबर असतात आणि "कल्याण सुटलं", "कुर्ला आलं" असे निरोप सकाळभर येत-जात असतात. एवढी बारकाईने चाललेली व्यवस्था ब्युरोने उभारलेली नाही, पेशंटच्या घरच्यांनीही नाही.

पावसाळ्यात ही समजूतही कामाला येत नाही. नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी भरणे, शीव-कुर्ल्याला गाड्या थांबणे हे मुंबईला नवे नाही. अशा दिवशी बदली येत नाही आणि आलेली बाई जाऊ शकत नाही. बारा तासांची पाळी चोवीस तासांची होते, कधी छत्तीसची. पेशंटच्या घरात त्या रात्री निदान जेवण आणि कोरडी जमीन मिळते. पण घरी नालासोपाऱ्याच्या खोलीत पाणी शिरले असेल तर ते उपसायला दुसरे कोणी नसते.

पहाटे साडेपाचची खोली

आठला दादर गाठायचे तर नालासोपाऱ्याच्या पूर्वेला संतोषभुवन किंवा धानिवबागेकडे राहणारी बाई साडेपाचच्या सुमारास घराबाहेर पडते. खोलीपासून नाक्यापर्यंत चालत, नाक्यावरून शेअर रिक्षाने स्टेशन, मग पूल चढून फलाट. विरारहून येणाऱ्या गाडीत नालासोपाऱ्याला बसायला जागा मिळत नाही, म्हणून काही जणी आधी उलट विरारला जातात आणि तिथून त्याच गाडीत बसून परत येतात. या उलट्या प्रवासाला रिटर्न मारणे म्हणतात. पंधरा-वीस मिनिटे जास्त जातात, पण बारा तास उभे राहण्याआधी तासभर बसायला मिळते. दिव्याच्या बायांना हेही सुख नव्हते. फास्ट गाड्या तिथे थांबतच नसत. २०१५ च्या जानेवारीत प्रवाशांचा उद्रेक झाला आणि त्यानंतर पुढच्या वर्षी त्या थांबायला लागल्या.

रात्री आठला बदली आली, हातपाय धुतले, वॉचमनच्या वहीत किंवा हल्ली त्याच्या मोबाइलवर बाहेर पडल्याची नोंद झाली, की पुन्हा तेच उलट्या दिशेने. घर गाठायला दहा वाजतात. साडेपाच ते दहा हे साडेसोळा तास झाले. उरलेल्या साडेसातात स्वयंपाक, नळाचे पाणी, मुलाचा अभ्यास आणि झोप. लोकलमधला बायकांचा डबा म्हटला की भाजी निवडणे, मटार सोलणे, हळदीकुंकू हे चित्र मुंबईने स्वतःच फार आवडीने रंगवले आहे. १९९२ मध्ये चर्चगेट-बोरिवली ही फक्त बायकांची गाडी सुरू झाली तेव्हापासून तर ते जगभर गेले. ते खोटे नाही. पण रात्री साडेआठनंतरच्या विरार गाडीत त्या डब्यात मुख्यतः झोप दिसते. खिडकीला डोके, पर्स मांडीवर, पर्सचा पट्टा मनगटाला गुंडाळलेला.

पास स्वस्त, टोके महाग

मुंबईच्या लोकलचे भाडे हा या सगळ्या धंद्याचा पाया आहे, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. चर्चगेट ते विरार हे साठ किलोमीटर. दुसऱ्या वर्गाच्या मासिक पासाने एवढे अंतर रोज कापायचा खर्च महिन्याच्या कमाईत सहज मावतो. तो मावतो म्हणूनच नालासोपाऱ्याची बाई दादरला येते, आणि ती येते म्हणूनच दादरच्या घराला परवडणाऱ्या पैशांत मावशी मिळते.

पण पास फक्त स्टेशन ते स्टेशन चालतो. एका टोकाला शेअर रिक्षा, दुसऱ्या टोकाला बेस्ट. ९ मे २०२५ पासून बेस्टच्या साध्या बसचे किमान भाडे पाच रुपयांचे दहा झाले आणि वातानुकूलित बसचे सहाचे बारा. महिन्याला सव्वीस ड्यूट्या धरल्या तर फक्त बसच्या रोजच्या दोन फेऱ्यांचा खर्च २६० रुपयांवरून ५२० वर गेला. वातानुकूलित बस असेल तर ६२४. साध्या बसची वाट पाहत बसता येत नाही, आधी येईल ती पकडावी लागते, कारण आठ वाजत आलेले असतात. मुंबई शहरात, म्हणजे वांद्रे आणि शीवच्या दक्षिणेला, रिक्षा चालत नाही आणि टॅक्सीचे मीटर ३१ रुपयांपासून सुरू होते. वरळी सीफेस, पेडर रोड, मलबार हिल ही ठिकाणे श्रीमंत आहेत आणि रेल्वे स्टेशनापासून लांबही आहेत. तिथल्या ड्यूटीचा दर बरा असतो. तरीही अनुभवी बाया स्टेशनजवळची कमी दराची ड्यूटी पसंत करतात, ती याच कारणाने.

वातानुकूलित लोकलचे प्रकरण वेगळे. साध्या पासावर ती चालत नाही. साध्या गाडीच्या जागी ती धावायला लागली की त्या वेळेच्या बाईला आधीची किंवा नंतरची गाडी धरावी लागते. आधीची धरायची तर पाच वाजता घराबाहेर पडायचे. मेट्रोचेही तसेच. स्वच्छ, गार, वेळेवर, पण तिकीट वेगळे.

पुण्यात लोकलचा हा आधार नाही. कोथरूड-एरंडवण्यात पेशंट आणि कात्रज, येवलेवाडी, वारज्याच्या पुढे बाई, हे अंतर मुंबईच्या मानाने किरकोळ. पण रात्री आठनंतर दोन बस बदलून ते कापणे सोपे नसते. म्हणून तिथे ब्युरोवाले आधी विचारतात की गाडी आहे का. दुचाकी चालवणाऱ्या बाईला लवकर काम लागते. हप्ता तिचा, पेट्रोल तिचे.

रात्रपाळीची उलटी गाडी

प्रवासापुरते पाहिले तर रात्रपाळी सोयीची आहे. संध्याकाळी सहाला शहराकडे येणारी गाडी बरीच मोकळी असते, आणि सकाळी साडेआठला शहराबाहेर जाणारीही. सारी मुंबई एका दिशेने जाते तेव्हा रात्रपाळीची बाई दुसऱ्या दिशेने जाते. तिला खिडकी मिळते. समोरच्या फलाटावरून सुटणाऱ्या गाडीच्या दारात लोंबकळणारी गर्दी पाहत ती घरी जाते. गर्दीची भीती घेतलेल्या कितीतरी जणी या एकाच कारणासाठी रात्र मागून घेतात. ती भीती उगाच नाही. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ भरलेल्या गाडीतून प्रवासी खाली पडून मरण पावले, ती सकाळची गर्दीचीच वेळ होती.

अडचण घरी गेल्यावर सुरू होते. रात्रभर जागलेल्या माणसाला दिवसा झोपायला जी शांतता लागते ती दहा बाय दहाच्या खोलीत नसते. पाणी दुपारी येते, तेव्हा उठून भरावे लागते. मुले शाळेतून येतात. शेजारी टीव्ही चालू असतो, पत्रा तापलेला असतो. ज्यांच्या घरी सासू किंवा मोठी मुलगी आहे त्यांना चार तास मिळतात. बाकीच्या जणी आठवड्याचा सुटीचा दिवस झोपेत घालवतात. पेशंट रात्री शांत झोपणारा असेल तर खाटेशेजारी चटई टाकून दोन तास डोळा लागतो, पण घरच्या माणसांनी ते पाहिले तर तक्रार जाते. अल्झायमरचा पेशंट असेल, रात्री उठून फिरणारा, तर डोळा लागण्याचा प्रश्नच नाही.

भाड्याची खोली

बाई इतक्या लांब का राहते याचे उत्तर भाड्यापेक्षा डिपॉझिटात आहे. मानखुर्द-गोवंडीत किंवा धारावीत खोली मिळते, पण तिथले डिपॉझिट एकरकमी भरणे रोजंदारीवरच्या माणसाला जमत नाही. लांब गेले की ती रक्कम उतरते. करार अकरा महिन्यांचा. तो संपला की भाडे वाढते, किंवा घरमालकाला खोली हवी असते. मग नवी खोली, नवे डिपॉझिट, एजंटाला एक महिन्याचे भाडे, सामान हलवायला टेम्पो. दर दोन-तीन वर्षांनी एकदा हे झाले तरी साठवलेले सगळे त्यात जाते. मुलाची शाळा बदलते किंवा त्यालाही रिक्षा लावावी लागते.

या कामात विधवा, टाकलेल्या, नवरा दारूत गेलेल्या बायांचे प्रमाण डोळ्यांत भरण्याइतके आहे. एकट्या बाईला खोली देताना घरमालक जे विचारतो ते वेगळे सांगायला नको. त्यात तिची वेळ अशी की एकतर रात्री दहाला परतते किंवा संध्याकाळी निघून सकाळी येते. चाळीत दोन महिन्यांत कुजबूज सुरू होते. काही जणी म्हणून ब्युरोचे ओळखपत्र गळ्यात घालूनच घरी येतात. कामावर ते पर्समध्ये असते.

स्वस्त खोलीला आणखी एक किंमत आहे. २०२५ च्या सुरुवातीला नालासोपारा पूर्वेला अग्रवाल नगरीत न्यायालयाच्या आदेशाने ४१ अनधिकृत इमारती पाडल्या आणि सुमारे अडीच हजार कुटुंबे रस्त्यावर आली. त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस विरारला रमाबाई अपार्टमेंट कोसळून १७ माणसे गेली. ती इमारतही अनधिकृतच होती. या भागात घर परवडते याचे मोठे कारण हेच आहे की ते कायद्यात बसत नाही. बाईला हे माहीत नसते असे नाही. खोली बघताना ती भिंतीची ओल बघते, तडा बघते, आणि मग स्टेशनला किती मिनिटे लागतात ते विचारते.

सरकारने या प्रश्नाला हात घातलाच नाही असे म्हणता येणार नाही. एमएमआरडीएने २००८ मध्ये भाड्याच्या घरांची योजना आणली होती, १६० चौरस फुटांची एक-एक खोली, नाममात्र भाड्याने. इमारती उभ्या राहिल्या. पण पुढे त्यांतली कितीतरी घरे प्रकल्पांत विस्थापित झालेल्यांना दिली गेली आणि भाड्याने घर ही मूळ कल्पना विरली. म्हाडाच्या सोडतीत मुंबई महानगरात वर्षाला सहा लाखांपर्यंतचे उत्पन्न अत्यल्प गटात मोडते, म्हणजे मावशी त्यात आरामात बसते. मात्र सोडत लागली तर उरलेल्या रकमेला कर्ज लागते आणि कर्जाला पगाराची चिठ्ठी लागते. ब्युरो रोख देतो किंवा मोबाइलवर टाकतो, चिठ्ठी देत नाही.

जुन्या मोठ्या रुग्णालयांत हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवलेला होता. परिचारिकांना आवारातच वसतिगृह आणि चतुर्थ श्रेणीच्या कामगारांना क्वार्टर. पाळी संपली की दोन जिने चढून खोली. कंत्राटी भरती आली तशी क्वार्टर हा शब्दच त्या भरतीत राहिला नाही.

चोवीस तासांची ड्यूटी

या कोंडीवर बाजाराने शोधलेला उपाय म्हणजे चोवीस तासांची बाई. ती पेशंटच्या घरीच राहते, तिथेच जेवते, महिन्यातून दोन-चार दिवस सुटी घेते. घरातल्या लोकांना वाटते की आपण पूर्ण दिवसाची सेवा विकत घेतली. बाईच्या बाजूने पाहिले तर तिने दादरला राहायची जागा मिळवलेली असते. डिपॉझिट नाही, भाडे नाही, गाडी नाही. मराठवाड्यातून, विदर्भातून, कोकणातून, झारखंडातून थेट आलेल्या मुलींना मुंबईत उतरल्यावर छप्पर मिळण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे. पगार एका बारा तासांच्या पाळीच्या दुप्पट होत नाही हे त्यांना कळते. खोलीचे भाडे त्यातच वळते झाले असे त्या धरतात.

मिळणारी जागा म्हणजे बहुधा पेशंटच्या खाटेशेजारची जमीन. गादी रात्री घालायची, सकाळी गुंडाळून खाटेखाली सारायची. कपड्यांना एक पिशवी, फार तर कपाटाचा खालचा कप्पा. मोबाइल चार्ज करायला पेशंटच्या ऑक्सिजन मशीनशेजारचा प्लग. आंघोळीची वेळ पेशंट झोपला असेल ती. काही घरांत स्वतंत्र संडास असतो, काहींत इमारतीच्या खाली नोकरांसाठीचा. झोप तुकड्यातुकड्यांची. हे सगळे घरात होत असल्याने त्याला कामाचे तास म्हणायचे की राहणे म्हणायचे हे कोणी ठरवत नाही.

मुले गावी आजीकडे, किंवा नालासोपाऱ्याच्या खोलीत मोठ्या बहिणीच्या हवाली. म्हणजे खोलीचे भाडे चालूच राहते, फक्त तिथे बाई राहत नाही.

आणि पेशंट गेला की सगळे एकदम संपते. घरात नातेवाईक जमतात, गादी गुंडाळली जाते, ऑक्सिजन मशीनवाला मशीन न्यायला येतो. त्या दिवशी बाईची नोकरी जाते आणि राहायची जागाही जाते. रीत असलेली घरे तेराव्यापर्यंत थांबवून घेतात, साडी देतात, महिन्याचा पगार पुरा करतात. बाकी ठिकाणी संध्याकाळपर्यंत पिशवी भरावी लागते. ज्या माणसाला तिने वर्षभर हाताने भरवले त्याच्यासाठी रडायला तिला वेळ नसतो, कारण रात्री कुठे झोपायचे हे ठरवायचे असते. ब्युरोंच्या कचेरीत मागे एखादी खोली असते, तिथे दोन ड्यूट्यांच्या मधल्या बाया चटया टाकून राहतात. काही ब्युरो त्याचे पैसे घेतात. तिथे फार दिवस बसायचे नसेल तर मिळेल ती पुढची ड्यूटी घ्यावी लागते, जड पेशंटची, रात्री ओरडणाऱ्याची, नाही म्हणावे अशा घरातली.

२०२० च्या मार्चमध्ये लोकल बंद झाल्या तेव्हा चोवीस तासांचा हा प्रकार एकाएकी वाढला. १५ जूनपासून अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी गाड्या सुरू झाल्या, पण त्यात चढायला सरकारी, पालिकेचे किंवा रुग्णालयाचे ओळखपत्र लागे. घरी पेशंट सांभाळणाऱ्या बाईचे काम अत्यावश्यक होते, ओळखपत्र मात्र ब्युरोचे होते. बायकांना सरसकट गाडीत घेतले ते २१ ऑक्टोबरला, तेही सकाळी अकरा ते दुपारी तीन आणि संध्याकाळी सातनंतर. सकाळी आठच्या ड्यूटीला त्याचा काही उपयोग नव्हता. सात महिने एकतर पेशंटच्या घरी राहायचे, नाहीतर काम सोडायचे, असा निवाडा झाला. कितीतरी जणींनी दिवाळीपर्यंत आपली मुले पाहिली नाहीत.

कायद्यात ती कुठे बसते

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा २०१७ चा आहे. त्यानुसार बाईला तिच्या संमतीने रात्री साडेनऊनंतर कामावर ठेवता येते, पण तिला दारापर्यंत सोडायची जबाबदारी मालकावर येते. कॉल सेंटरच्या मुलीला न्यायला गाडी येते. पेशंटचे घर आस्थापना नसते. तिथून रात्री आठला सुटून नालासोपाऱ्याच्या नाक्यावर दहाला उतरणाऱ्या बाईची जबाबदारी पेशंटच्या घरच्यांवर नाही. ब्युरो स्वतःला मध्यस्थ म्हणवतो, मालक नव्हे. रोजच्या रकमेतला त्याचा वाटा मात्र नियमाने कापला जातो.

घरेलू कामगारांसाठी राज्याने २००८ मध्ये कल्याण मंडळाचा कायदा केला. त्यात अपघात, मुलांचे शिक्षण, आजारपण, बाळंतपण, अंत्यविधी यांसाठी मदतीची तरतूद आहे. घरभाडे आणि प्रवास त्या यादीत नाहीत. शिवाय नोंदणीसाठी घरेलू कामगार म्हणवून घ्यावे लागते, आणि कोर्स केलेल्या सिस्टरला ते कमीपणाचे वाटते. धुणीभांडी करणारी बाई एकाच वस्तीत पाच-सहा घरे धरते, तिची संघटना तिथेच बांधली जाते. पेशंटवाली बाई एका घरात एकटी असते आणि ते घर दर काही महिन्यांनी बदलते.

नोकरदार महिलांसाठी केंद्राच्या मदतीने चालणाऱ्या वसतिगृहांची योजना १९७०च्या दशकापासून आहे, हल्ली तिला सखी निवास म्हणतात. नियमांप्रमाणे पाहिले तर ही बाई तिथे राहू शकते. पण वसतिगृहाचे दार रात्री ठरावीक वेळी बंद होते आणि तिची बदली ठरावीक वेळी येत नाही.

ब्युरोत फोन येतो तेव्हा पेशंटची माहिती ठरलेल्या क्रमाने दिली जाते: बाई की पुरुष, वय, वजन, चालतो का, नळी आहे का, घरात कोण. फोनवरचा माणूस ती पुढे बाईला सांगतो. ती सगळे ऐकून घेते, दर विचारत नाही, वजनही पुन्हा विचारत नाही.

"स्टेशन कुठलं पडतं?"